बुसानची जुनी बाजारपेठ



बुसान हें दक्षिण कोरियाच्या आग्नेय किनाऱ्यावरील, त्या देशांतील दुसऱ्या क्रमांकाचें शहर होय. राजधानी सोलहून वेगवान आगगाडीनें तीनएक तासांत तेथें पोंचतां येतें. पुष्कळ प्रवासी हेउन्देच्या पुळणीवर दोन दिवस घालवून परततात. पुळण सुंदर आहे. पण सुंदर पुळणी जगांत पुष्कळ आहेत. जुन्या भागांत जें पाहावें, विकत घ्यावें व खावें, त्यांतील बरेंचसें निर्वासितांनीं उभें केलेलें आहे, आणि तें समजून घेऊन तेथें हिंडण्यांत खरी गोडी आहे.

२५ जून १९५० रोजीं उत्तर कोरियाचें सैन्य दक्षिणेंत घुसलें, आणि कांहीं आठवड्यांतच बुसानभोंवतालचा कोपरा तेवढा दक्षिणेच्या हातीं उरला. सरकार तेथें आलें, लक्षावधि निर्वासितहि आले. पळतांना ताटातूट झालीच तर यंगदो पुलापाशीं भेटूं, असें कित्येक कुटुंबांनीं आपसांत ठरविलें होतें. १९३४ सालीं खुला झालेला हा पूल जहाजांसाठीं वर उचलला जाई. १९६६ सालीं तें बंद पडलें. २०१३ पासून पुन्हा सुरू झालें.

पुलापासून थोडें चाललें कीं जागाल्ची हा मासळीबाजार लागतो. विक्री बव्हंशीं बायकांच्या हातीं. खालीं जिवंत मासा निवडावा, वरच्या मजल्यावर तो करवून घेऊन खावा. आपल्याकडील कोळणींशीं घासाघीस करण्यांत मुरलेल्या गृहिणीस येथें परकें वाटूं नये!

रस्त्यापलीकडे गुक्जे बाजार. १९४५ नंतर मायदेशीं परतणाऱ्या जपान्यांनीं विकलेलें सामान, आणि मागाहून अमेरिकन सैन्याच्या तळांवरून येनकेनप्रकारेण बाहेर पडलेला माल, यांवर तो वाढला. शेजारच्या बाजारास तर डबाबंद खाद्यांवरून ‘डब्यांचा बाजार’ असेंच नांव पडलें. कापडचोपड, भांडीं, चष्मे हें सारें तेथें मिळतें. परंतु मजसारख्या निवृत्त मास्तराचें मन लगतच्या बोसू-दोंग गल्लींत अधिक रमेल. युद्धकाळांत लोकांनीं पोटासाठीं विकलेल्या पुस्तकांवर ही जुन्या पुस्तकांची गल्ली सुरू झाली.

सपाटीवर जागा उरली नाहीं तेव्हां माणसें डोंगर चढलीं. आमी-दोंग येथें जपान्यांचें स्मशान होतें. तेथील थडग्यांचे दगड पायऱ्यांस व घरांच्या पायास लागले, ते आजहि दिसतात. पलीकडच्या गाम्चनचीं रंगीत घरें मात्र चित्रांमुळें प्रसिद्ध आहेत. तेथें २००९ पासून चित्रकारांनीं भिंती सजविल्या. अजून त्या घरांत लोक राहतात; खिडक्यांतून डोकावूं नये, बोलणें हळू ठेवावें.

आतां खाण्याविषयीं. उत्तरेकडील लोकांस बकव्हीट नांवाच्या धान्याच्या थंड शेवया प्रिय. बुसानमध्यें तें पीठ दुर्मिळ. अमेरिकन मदतीचें गव्हाचें पीठ मात्र मिळे. त्याच्याच शेवया करून त्यांनीं गांवाकडची चव जवळ केली. तोच ‘मिल्म्यन’ आज बुसानचा म्हणून ओळखला जातो, आणि उन्हाळ्यांत त्यासाठीं रांगा लागतात. त्याचें पाणी मांसाचें असतें, हें शाकाहारी मंडळींनीं ध्यानांत ठेवावें. त्यांनीं नाम्पो-दोंगच्या रस्त्यावरचा ‘होत्तोक’ घ्यावा: आंत साखर, वर चिरा पाडून भरलेल्या सूर्यफुलाच्या व भोपळ्याच्या बिया. गरम पाक हातावर सांडतो. कागदी पेला मागून घ्यावा.