लोखंडाच्या गल्लीत बाइक धुताना

रे रोड स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडलं की दारूखाना सुरू होतो. नोव्हेंबर २०१४मध्ये इथल्याच किनाऱ्यावर आयएनएस विक्रांतवर गॅस कटर चालले. १९६१ साली नौदलात आलेली, १९७१च्या युद्धात जिच्यावरून उडालेल्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारला हल्ले केले, ती ही नौका. १९९७मध्ये ती निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि शेवटी लिलावात भंगारात गेली. त्यातलं काही पोलाद बजाज ऑटोने घेतलं आणि २०१६च्या सुरुवातीला ‘व्ही १५’ ही दीडशे सीसीची मोटारसायकल बाजारात आणली. पेट्रोलच्या टाकीत विक्रांतचं पोलाद, हीच तिची सगळी जाहिरात. आता हे मॉडेल बंद झालं आहे, पण ज्यांच्याकडे आहे ते तिला जिवापाड जपतात, आणि नेमके तेच लोक दर रविवारी टाकी घासघासून तिची वाट लावतात.

टाकीत युद्धनौकेचं पोलाद असलं तरी आपला हात लागतो तो रंगाला. प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट मिळून हा सगळा थर साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा थोडा जास्त. त्यातला क्लिअर कोट जेमतेम ४०-५० मायक्रॉन. चकाकी दिसते ती या क्लिअर कोटची, आणि कंपाउंड लावून ‘रबिंग’ करतो तेव्हा झिजतो तोही हाच. तो एकदा संपला की बाजारातल्या कुठल्याच बाटलीतून परत मिळत नाही. म्हणून गाडी साफ करायचं सामान घेताना चमक किती येईल हे नंतर विचारा, आधी विचारा की हे नेमकं कशावर लावायचं आणि कशावर अजिबात नाही.

रे रोडच्या हवेत दोन गोष्टी एकत्र नांदतात, मीठ आणि लोखंड. खाडीवरून येणारा खारा वारा सगळ्या मुंबईलाच आहे. पण मिठाचं एक विशेष लक्षात घेण्यासारखं आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर त्याहून कितीतरी कमी आर्द्रतेतही ओलं होतं. म्हणजे गाडी शेडमध्ये, कव्हरखाली, पावसापासून दूर उभी असली तरी तिच्यावरचं मीठ ओलं होत राहतं आणि नटबोल्ट, स्पोक, स्टँडचे सांधे गंजत राहतात. त्यात प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर आतला दमटपणा बाहेरही जात नाही. इथे पॉलिशपेक्षा साधं पाणी जास्त कामाचं. आठवड्यातून एकदा भरपूर पाण्याने खालून-वरून धुतलेली आणि नीट कोरडी केलेली गाडी ही महिन्यातून एकदा चकचकीत केलेल्या गाडीपेक्षा जास्त टिकते.

पालिकेचं पाणी त्या बाबतीत आपल्या बाजूचं आहे. तानसा, वैतरणा, भातसा या पावसावर भरणाऱ्या तलावांचं पाणी मऊ, त्यामुळे सुकल्यावर पांढरे डाग फारसे उरत नाहीत. बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरणाऱ्यांचं तसं नाही. त्यांनी गाडी उन्हात सुकू न देता लगेच पुसावी.

दुसरी गोष्ट लोखंड. बॅरिस्टर नाथ पै मार्गावरून दिवसभर पत्र्याच्या कॉइली आणि सळया वाहणारे ट्रेलर जातात, गोदामांच्या दारात ग्राइंडर चालतो, शेजारून हार्बरच्या गाड्या ब्रेक लावत जातात. या सगळ्याची बारीक लोखंडी पूड गाडीवर बसते, दमटपणात गंजते आणि रंगात रुतते. पांढऱ्या टाकीवर ती नारिंगी ठिपक्यांसारखी दिसते. काळ्यावर दिसत नाही, पण असते. ती ओळखायची सोपी रीत आहे. टाकी धुऊन पुसा, हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि बोटं हलकेच फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत वाटलेली टाकी पिशवीतून खरखरीत लागते.

लोक इथेच कंपाउंड उचलतात. स्टेशनजवळच्या एका गॅरेजात मी एकाला समजावू पाहिलं, तर उत्तर आलं, “साहेब, घासलं की चमकतं.” चमकतं खरंच. पण रुतलेल्या लोखंडावरून कंपाउंड फिरवणं म्हणजे तोच कण टाकीभर ओढत नेणं. यासाठी वेगळं द्रव मिळतं, ‘आयर्न रिमूव्हर’ किंवा ‘फॉलआउट रिमूव्हर’ या नावाने. सावलीत, थंड झालेल्या गाडीवर ते फवारलं की दोन-तीन मिनिटांत जिथे जिथे लोखंड आहे तिथून जांभळे ओघळ सुटतात. कुजक्या अंड्यासारखा वास येतो, कारण त्यात गंधकयुक्त क्षार असतो. तो लोखंडाशी संयोग पावून त्याला विरघळवतो आणि रंग बदलतो. सुकू न देता पाण्याने धुऊन टाकायचं, बस्स. पहिल्यांदा करताना टाकीवरून जांभळं पाणी वाहताना पाहिलं की इतके दिवस आपण काय पुसत होतो असा प्रश्न पडतोच. तरीही काही खरखर उरली तर क्ले बार. मळून मऊ केलेल्या मातीसारखी ही वडी शॅम्पूच्या पाण्याने निसरड्या केलेल्या रंगावर जोर न लावता सरकवायची. कण तिच्यात अडकून येतात. वडी मधूनमधून दुमडून ताजी बाजू वर आणायची, आणि हातातून जमिनीवर पडली तर सरळ कचऱ्यात टाकायची. पैसे वाया गेल्याचं वाईट वाटतं, पण रे रोडच्या जमिनीवरून उचललेली वडी म्हणजे सँडपेपर.

आता शॅम्पू. भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर यांचं काम तेलकटपणा ओरबाडून काढणं. ती रंगावरचं वॅक्स नेतात. कपड्यांच्या पावडरीतला सोडा उघड्या अॅल्युमिनियमला काळवंडवतो. गाडीसाठीचा उदासीन पीएचचा शॅम्पू घ्यावा, कुठल्याही बऱ्या कंपनीचा चालेल. एका बादलीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. फडकं आधी साध्या पाण्यात पिळून मगच शॅम्पूत बुडवायचं. चाकं आणि चेनचं फडकं वेगळं. फडक्यांवर मात्र कंजुषी नको. जुनं बनियन मऊ असतं हे खरं, पण त्याची शिवण आणि त्यात अडकलेली वाळू मऊ नसते. काळ्या टाकीवर ऊन पडलं किंवा मोबाइलचा टॉर्च धरला की गोल गोल कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसतात, ते बहुतेक वेळा याच बनियनचे. मायक्रोफायबरची चार फडकी घ्या, वेगळ्या कामांसाठी वेगळ्या रंगांची, आणि ती धुताना कंडिशनर घालू नका, त्याने पाणी शोषण्याची ताकद जाते.

‘डिझेल मारून धुतो’ असं एखाद्या वॉशिंगवाल्याने कौतुकाने सांगितलं तर गाडी उलट फिरवा. डिझेलने इंजिन लगेच काळंभोर चमकतं, पण मागे राहणारा तेलकट पापुद्रा धूळ धरतो, रबर फुगवतो आणि ब्रेकवर गेला तर जिवावर बेततो. प्रेशरच्या पाण्याचंही तसंच. लांबून, पसरट फवाऱ्याने ठीक आहे; चाकाच्या बेअरिंगवर, वायरींच्या जोडांवर आणि स्टिकरच्या कडांवर नको.

पॉलिश आणि वॅक्स यांत दुकानदार फरक करत नाहीत, आपण करावा. पॉलिशमध्ये घासणारे सूक्ष्म कण असतात, ते थर काढतं. वॅक्स किंवा सीलंट थर चढवतं. कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून येतं आणि ८० अंशांच्या वर वितळतं, म्हणून उन्हात टाकीवर टिकतं. पावसाळ्यात मात्र लवकर धुऊन जातं. मुंबईत सिंथेटिक सीलंट जास्त महिने चालतं. ओरखडे नसतील तर पॉलिश लावायचंच कशाला? वर्षातून एकदा, तेही बारीक कणांचं, पुरे. आणि मॅट रंगाच्या गाडीवर दोन्ही नको. पॉलिश लावलेला भाग चकाकू लागतो, भोवतालचा तसाच राहतो आणि तो चट्टा परत मॅट होत नाही.

शोरूमच्या ‘टेफ्लॉन कोटिंग’बद्दल एवढंच सांगतो की टेफ्लॉन, म्हणजे पीटीएफई, साधारण ३२७ अंशांना वितळतं. भांड्यावर ते भट्टीत तापवून बसवतात. गाडीच्या रंगावर हाताने चोळून ते तसं बसत नाही, मिळतं ते साधं सीलंट. सिरॅमिक कोटिंग खरं असतं, टिकतंही. पण त्यावरचा ‘९एच’ हा आकडा पेन्सिलींनी ओरखडून घेतलेल्या चाचणीचा आहे, हिऱ्याच्या मोजपट्टीवरचा नाही. शिवाय कोटिंगखाली रुतलेलं लोखंड ठेवून ते लावलं तर गंज आतच पक्का होतो.

क्रोमचा थर रंगाहूनही नाजूक. सायलेन्सरवर किंवा जुन्या येझदीच्या टाकीवर जे दिसतं ते क्रोम मायक्रॉनच्याही अंशाचं असतं, खाली निकेलचा जाड थर. म्हणून पितळेच्या समईला जी पितांबरी शोभते ती इथे चालत नाही. ब्रासोसुद्धा जपूनच. गंजाचे बारीक ठिपके असतील तर खाऊच्या डब्यातला अॅल्युमिनियमचा कागद चुरगाळून, पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने गंज जातो, क्रोमला ओरखडा पडत नाही. नंतर वॅक्सचा हात द्या, कारण गंज क्रोममधल्या सूक्ष्म छिद्रांतून वर आलेला असतो आणि ती छिद्रं तिथेच असतात. इंजिनच्या अॅल्युमिनियमच्या कव्हरना मेटल पॉलिश चालतं, पण आधी एका कोपऱ्यात चोळून बघा. फडकं काळं झालं तर धातू उघडा आहे, पॉलिश करा. काळं झालं नाही तर वर लॅकर आहे. तिथे शॅम्पूच पुरे.

दसऱ्याचं वेगळं सांगावं लागतं. झेंडूचा हार तारेने बांधू नका, सुतळीने बांधा. तारेचे ओरखडे दिवाळीपर्यंत पुरतात. हळदीचा डाग मॅट रंगात आणि सीटच्या शिवणीत घुसतो. ताबडतोब शॅम्पूने पुसा, आणि तरी उरला तर घासत बसू नका, हळदीचा रंग उन्हात आपोआप फिका पडतो. नारळ टाकीवर नाही, चाकापुढे फोडायचा. त्याचं पाणी डिस्कवर उडालं तर आधी डिस्क धुवा.

सीटवर आणि टायरच्या रस्त्याला लागणाऱ्या भागावर सिलिकॉनचं चकाकी देणारं द्रव लावू नये, हे सांगायची गरज पडू नये. तरी नव्या गाडीचे टायर काळेभोर करून देणारे आहेतच. टायरला पाणी आणि ब्रश पुरे. हेल्मेटची काच आणि हेडलाइटचं आवरण पॉलिकार्बोनेटचं, त्याला पेट्रोल किंवा थिनर लावलं तर बारीक तडे जातात.

चेनला मात्र रॉकेल चालतं. ओ-रिंगवाल्या चेनला पेट्रोल नको, रबर कडक होतं. रॉकेल आणि मऊ ब्रश बरा. डब्ल्यूडी-४० अमेरिकेत १९५३ साली पाणी हटवण्यासाठी बनवलं गेलं, नावातला डब्ल्यूडी तेच सांगतो. धुतल्यावर पाणी काढायला ते उत्तम, पण वंगण म्हणून त्याच्यावर विसंबून राहू नका. चेन लुब किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल घ्या, चेन कोमट असताना आतल्या बाजूने लावा, चाक हाताने फिरवा, जास्तीचं पुसून काढा आणि शक्यतो रात्रभर तसंच राहू द्या. दर ५०० किलोमीटरला, पावसाळ्यात त्याही आधी. लुब फवारताना मागच्या डिस्कवर जुनं फडकं टाका.

सामान घ्यायला एका फेरीत काम होतं. बफिंगची चाकं आणि ब्रश नागदेवी स्ट्रीटवर, गाडीचं बाकीचं ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानांत. तिथे ‘बेस्ट पॉलिश द्या’ असं म्हणू नका, दुकानदार सगळ्यात महाग डबा काढेल. रंग चकचकीत आहे की मॅट, क्रोम आहे का, चेन कुठली, हे सांगा. शॅम्पू, चार फडकी, आयर्न रिमूव्हर, सीलंट आणि चेन लुब एवढं घरात असलं की बहुतेकांचं वर्ष निघतं. कंपाउंडचा डबा कुणा मित्राकडून मागून आणा, म्हणजे तो क्वचितच वापराल.

आणि धुऊन झाल्यावर गाडी लगेच रस्त्यावर काढणार असाल तर ओल्या डिस्कचा ब्रेक पहिल्यांदा उशिरा लागतो हे ध्यानात ठेवा. गल्लीतच हळू चालवत दोन्ही ब्रेक तीन-चारदा दाबून बघा, मग नाथ पै मार्गावरच्या ट्रेलरच्या मागे जा.