घड्याळ लावावें तें कसें?

श्रोतेहो, घड्याळ लावणें म्हणजे किल्ली देऊन कांटे फिरविणें, एवढेंच आमच्या पिढीस ठाऊक होतें. हल्लीं मनगटावर जें स्मार्टवॉच आलें आहे, त्यास किल्ली नाहीं. तरी तेंही लावावें लागतें. आणि अर्धवट लावलें तर काय घडतें, हें मीं अनुभविलें आहे.

माझा मुलगा लंडनला असतो. एका हिवाळ्यांत त्यानें आपला वापरलेला मोबाइल व त्यास जोडलेलें घड्याळ मला आणून दिलें. साताऱ्यास घरीं पाहतों तों वेळ साडेपांच तास मागें! मीं मोबाइलमधील आंकडे हातानें पुढें सरकविले, घड्याळानें ते उचलले, आणि मी निश्चिंत झालों. पुढें मुलानें पत्नीचे डोळे तपासण्यासाठीं सांगलीच्या डॉक्टरांची सकाळीं ११ ची वेळ तिकडूनच ठरविली व आमच्या सामाईक दिनदर्शिकेंत नोंदविली. निघण्याची सूचना तीन तास आधीं, म्हणजे ८ वाजतां, मिळावयाची होती. ती मिळाली रात्रीं अडीचला! बिघाड समजून मीं ती बंद केली. दिवस आमच्या लक्षांत होता. तास मात्र घड्याळाच्या भरंवशावर सोडला होता. तपासणी तीन आठवडे पुढें गेली, आणि तितके दिवस त्या माउलीनें अंधुक नजरेनें काढले.

दोष घड्याळाचा नव्हता. तो समजण्यासाठीं थोडें मागें जाऊं या.

पृथ्वी एका तासांत १५ अंश फिरते. म्हणजे एका अंशास ४ मिनिटें लागतात. सातारा सुमारें ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे व सांगली त्याच्या पूर्वेस साधारण अर्धा अंश. म्हणून सांगलीचा मध्यान्ह साताऱ्याच्या दोन मिनिटें आधीं होतो. पण गांवोगांव अशी निराळी वेळ ठेवली, तर आगगाडीचें वेळापत्रक जुळावें कसें? यास्तव १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची वेळ देशाची प्रमाणवेळ ठरली. ही रेषा मिर्झापुराजवळून जाते आणि तिची वेळ ग्रीनिचच्या साडेपांच तास पुढें असते. साताऱ्यांत सरासरीनें मध्यान्ह होतो, तेव्हां घड्याळांत बारा वाजून ३४ मिनिटें झालेलीं असतात. मुंबईनें तर प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटें मागें असलेली आपली जुनी वेळ पुष्कळ वर्षें सोडली नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ पर्यंत हीच प्रमाणवेळ आणखी एक तास पुढें केली होती. तात्पर्य, घड्याळांतील वेळ हा माणसांनीं केलेला एक करार आहे.

मोबाइल हा करार दोन भागांत सांभाळतो. आंत तो साऱ्या जगाची एकच वेळ मोजतो. बाहेर ती त्या त्या विभागाप्रमाणें दाखवितो. या विभागास टाइम झोन म्हणतात. मुलानें नोंदविलेले सांगलीचे ११ म्हणजे जागतिक वेळेचे साडेपांच. माझ्या मोबाइलचा विभाग लंडनचाच राहिला होता. तेथें हिवाळ्यांत जागतिक वेळच चालते. म्हणून त्यानें भेट पहाटे साडेपांचची मानली आणि तीन तास आधीं मला उठविलें. मीं आंकडा सुधारला, विभाग सुधारलाच नाहीं.

आतां करावयाचें तें ऐका. प्रथम मोबाइलच्या सेटिंग्जमध्यें ‘तारीख आणि वेळ’ हें पान उघडावें. तेथें वेळ आपोआप घेण्याची व विभाग आपोआप ठरविण्याची, अशा दोन्ही सोयी चालू कराव्या. विभाग हातानें निवडणें झालें, तर यादींत सातारा, सांगली, मुंबई शोधूं नये. भारताची वेळ बहुधा ‘कोलकाता’ या नांवाखालीं असते. तिच्यापुढें अधिक ५:३० हा आंकडा आहे, एवढें पाहावें. मग ब्लूटूथनें घड्याळ मोबाइलला जोडलेलें आहे कीं नाहीं, तें पाहावें. बहुतेक स्मार्टवॉच मोबाइलचीच वेळ घेतात. जोडणी तुटलेली असेल, तर केलेली दुरुस्ती मनगटापर्यंत पोंचत नाहीं.

शेवटीं एक गोष्ट विसरूं नये. विभाग चुकीचा असतांना आपण स्वतः लिहिलेल्या भेटी, विभाग सुधारतांच साडेपांच तास पुढें सरकतात. संध्याकाळीं ७ ची नोंद मध्यरात्रीं साडेबारावर जाऊन बसते. म्हणून सर्व जुन्या नोंदी एकेक करून तपासाव्या. रोजचा गजर सहसा हलत नाहीं. तथापि औषधाचा गजर असेल, तर तोही एकदां पाहून घ्यावा.

ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत आणि तेथून मोबाइल व घड्याळें आणतात, अशीं घरें आपल्याकडे आतां थोडीं नाहींत. त्यांनीं घड्याळ मनगटावर बांधण्यापूर्वीं तें विभागाचें पान एकवार उघडून पाहावें. दोन मिनिटांचें काम आहे. आमचे तीन आठवडे त्यापायीं गेले.