‘रॉजर’ म्हणजे काय?

पोलिसांच्या हातात एक छोटे यंत्र असते. त्याला वॉकी-टॉकी म्हणतात. त्यातून तारेशिवाय निरोप जातो, म्हणून तो बिनतारी संदेश. महाराष्ट्र पोलिसांच्या बिनतारी विभागाचे मुख्य कार्यालय आपल्या पुण्यातच, पाषाण रस्त्याला आहे.

या यंत्रावर फोनसारखे दोघांना एकदम बोलता येत नाही. बटण दाबले की बोलायचे, सोडले की ऐकायचे. दोघांनी एकदम दाबले तर घोटाळाच! म्हणून बोलून झाले की ‘ओव्हर’ म्हणतात. म्हणजे माझे झाले, आता तुम्ही बोला. सगळे बोलणे संपले की ‘आऊट’. क्रिकेटशी याचा काही संबंध नाही.

‘रॉजर’ ही कुणाला मारलेली हाक नव्हे. निरोप मिळाला याला इंग्रजीत ‘रिसीव्हड’ म्हणतात. त्याचे पहिले अक्षर आर. आपण ‘क कमळातला’ म्हणतो ना, तसे पूर्वी ‘आर रॉजरचा’ असे होते. १९५६ साली नवी नावे ठरली आणि आरचा ‘रोमिओ’ झाला. पण निरोप मिळाल्याचा रॉजर तसाच राहिला. बी, डी, पी कानाला सारखेच लागतात. म्हणून ब्राव्हो, डेल्टा, पापा म्हणतात. इथे पापा म्हणजे वडील नव्हेत!

विमान किंवा जहाज बुडायला लागले, आग लागली, की ‘मेडे’ असे तीनदा म्हणतात. फ्रेंच भाषेत ‘मला मदत करा’ याचा उच्चार असाच आहे. लंडनहून पॅरिसला विमाने जात. दोन्हीकडच्या लोकांना कळावा म्हणून १९२३ मध्ये विमानांसाठी हा शब्द आला.

निरोप पोचला तरच मदत येते. ३० जुलै २०१४ रोजी आपल्याच जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेच्या वर माणसे गेली. सकाळी एस.टी. घेऊन आलेल्या ड्रायव्हरला गावच दिसेना. त्याने खबर दिली, तेव्हा बाहेर कळले.

आपल्याजवळ वॉकी-टॉकी नाही, पण घरी फोन आहे. संकटात ११२ लावावा. रुग्णवाहिकेला १०८, आगीच्या बंबाला १०१. आधी ठिकाण सांगावे, मग काय झाले ते, मग किती जणांना लागले ते. रडत, ओरडत बोलू नये. ते सांगतील तेव्हाच फोन ठेवावा.

पालकांनीही आपल्या मुलांकडून गाव, वस्ती, तालुका आणि जवळची खूण आजच पाठ करून घ्यावी.

— इयत्ता ४ थी