गोळी लागू पडत नाही, यात रुग्णाचा दोष नसतो

स्किझोफ्रेनियाच्या दोन रुग्णांना एकच गोळी, एकाच मात्रेत दिली जाते. एकाचे भास काही आठवड्यांत कमी होतात. दुसऱ्याचे हातपाय ताठरतात, लाळ गळते आणि भासही राहतात. मग घरचे म्हणतात, "गोळ्या थुंकत असेल." शेजारी म्हणतात, "बाहेरचं आहे." रुग्ण भगताकडे पोहोचतो. खरे कारण अनेकदा शरीरातच असते.

रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल, अरिपिप्राझोल या औषधांचे विघटन करण्यात यकृतातील सीवायपी२डी६ या एन्झाइमचा मोठा वाटा असतो. ते किती वेगाने काम करील, हे बरेचसे आईवडिलांकडून आलेल्या जनुकांवर ठरते. ते मंद असेल तर औषध रक्तात साचते व त्रास वाढतो. अतिवेगवान असेल तर नेहमीची मात्रा अपुरी पडते. म्हणूनच हे एन्झाइम मंद असलेल्यांना अरिपिप्राझोल निम्म्या मात्रेत द्यावे, अशी सूचना अमेरिकेत त्या औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातच आहे.

पण सगळे जनुकांवर नसते. क्लोझापिन व ओलान्झापिन मुख्यतः सीवायपी१ए२ या एन्झाइममुळे विघटित होतात. विडी-सिगारेटच्या धुराने त्याचा वेग वाढतो आणि औषध कमी पडते. विडी अचानक सुटली, तर त्याच मात्रेत रक्तातले औषध वाढते.

'आनुवंशिक' म्हटले की आपल्या समाजात लगेच कुळ, रक्त, पूर्वजन्मीचे पाप काढले जाते. हा फरक तर सख्ख्या भावंडांतही असू शकतो. त्याचा जातीशी संबंध जोडणे चूक आहे. जात म्हणजे वंशभेद नव्हे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये मांडले. खरा विषमतेचा प्रश्न वेगळा आहे: असे बहुतेक जनुकीय संशोधन युरोपीय वंशाच्या लोकांवर झाले आहे. त्यात आपली माणसे फार थोडी आहेत.

जनुकीय चाचणी आपल्या सरकारी दवाखान्यांत नेहमीची नाही, आणि ती सर्व उत्तरे देतही नाही. वही मात्र प्रत्येक घरात ठेवता येते. कोणती गोळी, किती मात्रा, कधीपासून, काय फरक, काय त्रास, विडी किती, हे लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. गोळी स्वतःहून बंद करू नका. उपचार व दुष्परिणामांची माहिती मिळणे हा मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाचा हक्क आहे. मदतीसाठी टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

दुःखाला कारण असते, ही बुद्धांची शिकवण. विहारात आपण ती ऐकतोच. आजारी माणसाला दोष देण्याआधीही ती आठवावी.