भाऊसाहेब भाडं देत नाहीत!

सकाळी साडेआठचा कॉल. कॅमेरा ऑफ, माइक म्यूट, हातात चहाचा मग. मॅनेजर बाराव्या स्लाइडवर... आणि माझं सगळं लक्ष खिडकीबाहेर. अंगणातल्या शेडखालच्या बिळातून एक तपकिरी डोकं वर आलंय. दोन मिनिटं नुसतं स्टॅच्यू! डोळे, कान, नाक सगळं डोक्याच्या वरच्या बाजूला, त्यामुळे बाहेर न येताच टेहळणी करता येते. खात्री पटली की आख्खं धूड बाहेर येतं आणि मागच्या पायांवर उभं राहतं. पुढचे हात पोटावर. थेट आमच्या पुण्याच्या सोसायटीचे चेअरमन! म्हणून नाव ठेवलं, भाऊसाहेब.

भाऊसाहेब म्हणजे ग्राउंडहॉग. नावात 'हॉग' असलं तरी डुकराशी काही संबंध नाही, हा खारीच्या खानदानातला. लडाखला जाऊन आला असाल तर पँगाँगच्या रस्त्यावर गुबगुबीत मार्मोट बघितले असतील, त्यांचा हा अमेरिकन चुलतभाऊ. बिल मरेच्या १९९३ च्या 'ग्राउंडहॉग डे'मधला 'हीरो' हाच. आम्ही राहतो त्याच पेनसिल्व्हानिया राज्यात पंक्सटॉनी नावाचं गाव आहे. तिथे १८८७ पासून दर २ फेब्रुवारीला एका ग्राउंडहॉगला लोकांपुढे आणतात. त्याला स्वतःची सावली दिसली तर थंडी आणखी सहा आठवडे, असा हिशोब. आपल्याकडे पावशा, त्यांच्याकडे हा!

सिनेमात क्यूट वाटतो हो. पण तुमची मेथी खाल्ली की कळतं.

आमचं घर भाड्याचं, गावाबाहेर. इंडियन ग्रोसरीचं दुकान पाऊण तासावर, म्हणून एप्रिलमध्ये हौसेने मेथी-कोथिंबीर लावली. मेच्या मध्यावर एका सकाळी मेथीचा वाफा साफ. नुसते खुंट! त्यात शेडचा एक कोपरा दोन इंच खचला. घरमालकाचा ईमेल आला, 'त्या प्राण्याचं काहीतरी करा.' शेजारचे शेतकरी आजोबा तर पिंजरा घेऊनच आले. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. बिळात ट्रॅक्टरचं चाक जातं, सोयाबीनचे कोवळे कोंब फस्त होतात. ''मी तर गोळीच घालतो,'' ते शांतपणे म्हणाले. पकडून लांब सोडून येऊ, असं मी म्हटलं, तर तेही वाटतं तितकं सोपं नाही. बऱ्याच राज्यांत त्याला मनाई आहे किंवा परवानगी लागते.

तरी ठरलं, शनिवारी पिंजरा लावायचा. नवऱ्याने सफरचंदंसुद्धा आणून ठेवली.

आणि गुरुवारी, त्याच साडेआठच्या कॉलवर, बिळातून भाऊसाहेबांच्या मागोमाग आणखी एक डोकं आलं. मुठीएवढं. मग दुसरं. मग एकावर एक दोन! भाऊसाहेब बाईसाहेब निघाल्या!

मग कॉल संपेपर्यंत मी गुगलवर. ही मंडळी एकटी राहतात, पिल्लं आईनेच वाढवायची. जन्मतात आंधळी, बिनकेसाची, आणि सहा-सात आठवड्यांनी पहिल्यांदा बाहेर येतात. म्हणजे मी मेथीच्या नावाने शिव्या घालत होते तेव्हा खाली चार पिल्लं दूध पीत होती. आईला पकडून नेलं असतं तर?

रात्री व्हिडिओ कॉलवर माझ्या आईला सांगितलं. तिने एका वाक्यात निकाल दिला, ''अगं, बाळंतिणीला कुणी घराबाहेर काढतं का?''

पिंजरा पोर्चवरच राहिला. घरमालकाकडून जुलैपर्यंत मुदत मागितली, कारण तोवर पिल्लं आपापली बिळं शोधायला निघून जातात. मेथी पुन्हा पेरली, या वेळी जाळी लावून. जाळी फूटभर जमिनीत आणि तळाशी बाहेरच्या बाजूला दुमडलेली, नाहीतर खालून बोगदा! वरचं टोक मात्र मुद्दाम सैल सोडायचं. कारण एवढ्या वजनाचा हा प्राणी चक्क चढतो, आणि हलणाऱ्या जाळीवर त्याला चढता येत नाही.

मग जूनभर आमचा लाइव्ह शो. पिल्लांची कुस्ती, बाई गवतात. ससाणा दिसला की तिची कर्कश शिट्टी आणि एका सेकंदात अंगण रिकामं. जुलैच्या शेवटी पिल्लं एकेक करून गेली. कुठे ते दिसलं नाही. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

ऑगस्टपासून बाईंचा एकच उद्योग, खाणं. ऑक्टोबरात तर चालताना पोट जमिनीला लागायचं. मग एक दिवस त्या आल्याच नाहीत. एरवी मिनिटाला ऐंशीच्या आसपास पडणारे ठोके या झोपेत पाचेकवर येतात, अंग गार पडतं, आणि साठवलेल्या चरबीवर आख्खा हिवाळा निघतो. मी इथे डेडलाइनवर डेडलाइन मारतेय आणि खिडकीपासून वीस पावलांवर कुणीतरी फेब्रुवारी-मार्चपर्यंत झोपलंय!

पिंजरा आजोबांना परत केला. ते काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली. शेडचा कोपरा अजून खचलेलाच आहे. घरमालकाला कळवलंय, भाडेकरू झोपलेत, आता वसंतात बघू.