कोळंबी सोडली, गोळीही सोडली!

खाडीकाठच्या खाजणात कोळंबीची तळी असलेले एक गृहस्थ माझे जुने रुग्ण. वय ५८. गेल्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून घरात कोळंबी बंद. परवा म्हणाले, "डॉक्टर, आम्ही तिला घालतो त्या खाद्यात माशाचं तेल असतं, कोलेस्टेरॉलसुद्धा असतं. जी तेल खाऊन वाढते, ती मी कशी खायची?"

शंका रास्त होती. कोळंबी वाढते ती कात टाकून. कडक कवचात अंग वाढायला जागा नसते; जुने टाकायचे आणि नवे मऊ आहे तोवर वाढून घ्यायचे. कात टाकायला लावणारे संप्रेरक कोलेस्टेरॉलपासून बनते. आपले यकृत कोलेस्टेरॉल रोज तयार करते. कोळंबीला ते करता येत नाही, म्हणून खाद्यातून द्यावे लागते. कमी पडले तर वाढ खुंटते, मरतुकही होते.

माशाच्या तेलातून तिला ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ स्निग्धाम्ले मिळतात. हे तेल बरेचसे पेरूच्या किनाऱ्यावरच्या, आपल्या मांदेलीच्या जवळच्या नात्यातल्या माशापासून निघते. ते महाग, म्हणून खाद्यात सोयाबीनचे तेलही घालतात. काही प्रमाणापर्यंत चालते. सगळेच सोयाबीनचे घातले तर वाढ मागे पडू शकते, शिवाय कोळंबीच्या मांसातले ओमेगा-३ घटते. ती जे तेल खाते तेच तिच्या अंगी उतरते. जास्त तेल घालूनही उपयोग नाही. खाद्यात स्निग्धांश साधारण ६ ते ८ टक्के असतो. १० टक्क्यांपुढे गेला की वाढ उलट मंदावते. हे ऐकून गृहस्थ हसले. एका हंगामात त्यांनी खाद्याला वरून तेल चोळून पाहिले होते!

आता आपल्या ताटाचे बघू. सोललेल्या १०० ग्रॅम कोळंबीत कोलेस्टेरॉल १५० ते २०० मिलिग्रॅम, पण एकूण चरबी जेमतेम १ ग्रॅमच्या आसपास. रक्तातले कोलेस्टेरॉल खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीने अधिक वाढते, आणि ती कोळंबीत अगदी थोडी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात निरोगी माणसांना रोज ३०० ग्रॅम कोळंबी खाऊ घातली. १९९६ साली निष्कर्ष आले: वाईट कोलेस्टेरॉल ७ टक्के वाढले, चांगले १२ टक्के. अर्थात ती माणसे निरोगी होती. हृदयरोग्याने रोज ताटभर खावी असा याचा अर्थ नाही.

मी त्यांना आठवड्यातून एकदा-दोनदा, १०० ग्रॅमपर्यंत, डोकी काढून, कमी तेलाच्या कालवणात खायला परवानगी दिली. रव्यात घोळून तळलेली नको. (कोळंबी खाऊन अंगावर गांधी उठतात किंवा घसा आवळतो, त्यांनी मात्र एकही खाऊ नये. ते दुखणे वेगळे, आणि जिवावरचे.)

तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "कोळंबी सोडली, पण रोज संध्याकाळी भजी लागतात. आणि आता पथ्य पाळतोय म्हणून रात्रीची ती गोळीही बंद केली आहे."

ती गोळी स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉलचीच! चार महिने बंद होती. धमनीत स्टेंट असलेल्या माणसाने ती मनाने सोडणे म्हणजे नव्या झटक्याला आमंत्रण. कोळंबीचा विषय तिथेच थांबवला, कार्डिओलॉजिस्टना फोन लावला आणि त्याच रात्रीपासून गोळी सुरू करायला लावली. काल रक्त तपासायला दिले आहे.