विसावा हेही औषधच

जळकोटसारख्या गावात दवाखान्याची पायरी चढणाऱ्या वृद्ध रुग्णासोबत बहुधा सून, मुलगी किंवा स्वतःच साठी ओलांडलेली पत्नी असते. रुग्णाचा रक्तदाब मोजून होतो. सोबत आलेल्या व्यक्तीचा कोणी मोजत नाही. सेवा करणाऱ्याला विश्रांती हवी, हे सर्वांना पटते. ती घेण्याची परवानगी मात्र तो स्वतःला देत नाही.

या प्रश्नाचा ख्रिस्ती परंपरेने फार जुन्या काळापासून विचार केला आहे. सहा दिवस काम आणि सातव्या दिवशी विसावा, ही बायबलमधील आज्ञा केवळ घरधन्यापुरती नाही. तिच्यात चाकर आणि बैलही येतात. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू न ठेवणाऱ्या आपल्या मराठवाड्याला यातील करुणा वेगळी समजावून सांगायला नको. स्वतः येशूही गर्दीपासून दूर, एकांतात प्रार्थनेला जात असे.

त्याहून बोलकी कथा एलीया संदेष्ट्याची आहे. थकून, खचून तो रानातल्या झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करीत नाही. तो भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. पुढची वाटचाल त्यानंतर. वैद्यकीय दृष्टीनेही हा क्रम अचूक आहे. उपाशी आणि अपुऱ्या झोपेच्या शरीराला मनःशांतीचा उपदेश पचत नाही.

नवजीवन वयावर अवलंबून नसते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि अभंग-कीर्तनाच्या मराठमोळ्या वाटेने ख्रिस्तभक्ती केली. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे होते. लक्ष्मीबाईंनी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती; शालेय शिक्षण नव्हतेच. तरी त्यांनी ते काव्य पुढे नेले आणि साठीनंतर ‘स्मृतिचित्रे’ मराठीला दिली. दुःख ओसरण्याची वाट पाहत त्या बसल्या नाहीत; रोजच्या कामातच त्यांना बळ मिळत गेले.

आपण काय करू शकता?

रोज एक ठरावीक वेळ, दहा मिनिटे का होईना, प्रार्थनेसाठी किंवा शांत बसण्यासाठी राखून ठेवा. श्वास संथ होऊ द्या. रविवारी उपासनेला जायचे असेल, तर मंडळीतील कोणाला तरी दोन तास रुग्णाजवळ बसण्याची विनंती करा. अशी मदत मागण्यात कमीपणा नाही; मंडळी असते ती यासाठीच. अंथरुणाला खिळलेल्या कॅथलिक रुग्णाला धर्मगुरू घरी येऊन ख्रिस्तप्रसाद देतात. गिळण्याचा त्रास असल्यास त्यांना आधी सांगा; अगदी छोटा तुकडाही पुरतो.

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात विशेष काळजी घ्या. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्याने उपाशी राहिल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळलेपणा ही तिची लक्षणे. कॅथलिक नियमानुसार साठीनंतर उपवास बंधनकारक नाही, आजाऱ्यांनाही सूट आहे. उपवासाऐवजी दान, क्षमा किंवा एखाद्या एकाकी माणसाची भेट हाही त्यागच होय.

प्रार्थना औषधाची जागा घेत नाही. औषधही प्रार्थनेची घेत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, झोप-भूक उडाली असेल, तर ती श्रद्धेची उणीव समजू नका. डॉक्टरांना भेटा. जगणे नकोसे वाटत असेल, तर त्याच क्षणी घरच्यांना सांगा, किंवा १४४१६ या शासनाच्या ‘टेली-मानस’ क्रमांकावर दूरध्वनी करा. तेथे रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते.

एलीयाला आधी झोप आणि भाकर मिळाली, मग पुढची वाट. आज रात्री रुग्णाचे ताट वाढाल, तेव्हा त्याच्याशेजारी आपलेही वाढून घ्या.